अटलांटा : एका शहराची आणि एका भिंतीची गोष्ट

"काका, रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी तुम्ही अमेरिकेचं प्रवासवर्णन द्या," असं स्मरणिका समितीच्या मुलांनी सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. नायगाराचे फोटो आता प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहेत. शिवाय मी सहा महिने राहिलो ते अटलांटात, थोरल्या लेकीकडे. अमेरिकेच्या दक्षिण भागातलं, जॉर्जिया राज्याच्या राजधानीचं हे शहर. तिथे धबधबा नाही की समुद्र नाही. पण इतिहास आहे, आणि आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस कुठेही गेला तरी पाट्या वाचतच फिरतो. लेक-जावई कामावर गेले की मी मार्टाच्या गाडीत बसायचो आणि शहर पालथं घालायचो. त्या भटकंतीत मला एका भिंतीची गोष्ट समजली. तिच्यामुळे आपल्याच सोसायटीच्या मिनिट बुकातलं एक पान आठवलं. म्हणून हा लेख.

अटलांटा म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना १९९६ चं ऑलिम्पिक आठवेल. लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्यपदक मिळवलं ते याच शहरात. १९५२ मध्ये हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचं पदक आणलं, त्यानंतर भारताला वैयक्तिक पदक मिळायला चव्वेचाळीस वर्षं लागली. तेव्हा आपली इमारत उभीसुद्धा नव्हती.

तीनदा बारसं झालेलं गाव

अटलांटा तसं जुनं शहर नाही. आपल्याकडे पेशवाई बुडून वीस वर्षं होत आली होती, त्या सुमारास म्हणजे १८३७ मध्ये जॉर्जिया राज्याच्या नव्या रेल्वेचं टोक कुठे असावं हे ठरवून इंजिनिअरांनी रानात एक खुंटी ठोकली. त्या जागेला नाव पडलं 'टर्मिनस', म्हणजे शेवटचं स्टेशन. पुढे १८४३ मध्ये माजी गव्हर्नरच्या मुलीच्या नावावरून 'मार्थासव्हिल' झालं आणि १८४५ मध्ये 'अटलांटा'. आपल्याकडे भुसावळ जसं रेल्वेने वाढवलं, तसंच हे गाव रुळांच्या जोरावर वाढलं.

पण रान रिकामं नव्हतं. ही क्रीक आणि चेरोकी लोकांची भूमी. १८३८ मध्ये सैन्य लावून चेरोकींना पश्चिमेकडे हाकलण्यात आलं आणि वाटेत हजारो माणसं मेली. त्या वाटेला 'अश्रूंची वाट' म्हणतात. शहराचा पाया घातला जात होता तेव्हाच कुणाला तरी घराबाहेर काढलं जात होतं, हे इतिहासाच्या मास्तराला विसरून चालत नाही.

रेल्वेचं जंक्शन असल्यामुळे अमेरिकेच्या यादवी युद्धात हे शहर शत्रूच्या नजरेत आलं. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेची रसद इथून जायची. सप्टेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्या सैन्याच्या जनरल शेरमनने अटलांटा जिंकलं आणि नोव्हेंबरात पुढे कूच करण्याआधी त्याचा मोठा भाग जाळला. शहराच्या अधिकृत मुद्रेवर आजही राखेतून उठणारा फिनिक्स पक्षी आहे आणि शेजारी १८४७ व १८६५ ही दोन सालं आहेत. पहिलं नगरपालिकेचं, दुसरं पुन्हा उभं राहिल्याचं.

या युद्धाने कुणाचं काही जळालं, तर कुणाच्या बेड्या तुटल्या. त्याची दखल तेव्हा पुण्यात बसून महात्मा जोतीराव फुले यांनी घेतली होती. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. आम्ही शाळेत ही अर्पणपत्रिका शिकवायचो, पण ज्या भूमीबद्दल ती होती तिथे एक दिवस उभा राहीन असं कधी वाटलं नव्हतं.

शाळा, सरबत आणि दंगल

युद्ध संपलं त्याच वर्षी, १८६५ मध्ये, अटलांटा युनिव्हर्सिटी सुरू झाली, तीही कृष्णवर्णीयांसाठी. १८८१ मध्ये एका चर्चच्या तळघरात अकरा विद्यार्थिनी घेऊन दोन बायकांनी मुलींची शाळा काढली. आजचं प्रसिद्ध स्पेलमन कॉलेज ते हेच. तळघराबद्दल वाचताना मला आपला भिडेवाडा आठवला.

१८८६ मध्ये डॉ. पेंबर्टन या औषधवाल्याने एक सरबत तयार केलं आणि ते जेकब्ज फार्मसीत पाच सेंटला ग्लास असं विकायला ठेवलं. तेच कोका-कोला. पुढे तो धंदा ज्यांनी विकत घेतला ते एसा कँडलर शहराचे महापौरही झाले.

१८९७ मध्ये अटलांटा युनिव्हर्सिटीत डब्ल्यू. ई. बी. द्यु बोईस नावाचे तरुण प्राध्यापक शिकवायला आले. मोठे विद्वान, पण काळे. ट्राममध्ये काळ्यांनी मागे बसायचं असा नियम होता, म्हणून त्यांनी ट्रामच सोडली. त्यांचं १९०३ सालचं 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' हे पुस्तक अटलांटातल्या दिवसांतलं. याच द्यु बोईस यांना १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय आपली बाजू संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडणार आहेत असं बाबासाहेबांनी वाचलं होतं, आणि त्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. द्यु बोईसनी उत्तरही दिलं.

सप्टेंबर १९०६ मध्ये शहरात मोठी दंगल झाली. निवडणुकीची धामधूम होती. वर्तमानपत्रांनी काळ्या पुरुषांनी गोऱ्या स्त्रियांवर हल्ले केल्याच्या भडक, पडताळणी न केलेल्या बातम्या एकामागोमाग छापल्या. गोऱ्यांचा जमाव रस्त्यावर आला. निदान पंचवीस कृष्णवर्णीय मारले गेले. व्हॉट्सअ‍ॅप तेव्हा नव्हतं, पण काम तेच झालं.

गोड ऑबर्न

दंगलीनंतर काळ्यांची दुकानं आणि पेढ्या शहराच्या मध्यातून सरकून ऑबर्न अ‍ॅव्हेन्यू या रस्त्यावर जमू लागल्या. काही वर्षांत तिथे बँक, विमा कंपनी, वर्तमानपत्र, चर्च, हॉटेलं सगळं उभं राहिलं. या रस्त्याला 'स्वीट ऑबर्न' म्हणतात. मला त्या शहरात सगळ्यात आवडलेला भाग हाच, आणि तिथली तीन माणसं तुम्हाला सांगायचीच आहेत.

पहिले अलोन्झो हर्नडन. १८५८ मध्ये गुलाम म्हणून जन्माला आले. न्हाव्याचं काम शिकले आणि पीचट्री रस्त्यावर त्यांनी झुंबरं लावलेलं, संगमरवरी फरशीचं सलून थाटलं. कारागीर सगळे काळे आणि गिऱ्हाईक फक्त गोरं. १९०६ च्या दंगलीत त्याच सलूनच्या काचा फुटल्या. पण त्याआधी एक वर्ष हर्नडन यांनी एक मोठं काम हाती घेतलं होतं. चर्चमधून चालणारी एक मदतमंडळी होती, आपल्या भिशीसारखी. आठवड्याला थोडे पैसे टाकायचे, आजारपणात किंवा मयतीला मदत मिळायची. राज्य सरकारने नवा कायदा करून अशा मंडळींना पाच हजार डॉलर अनामत मागितली. गरिबांकडे कुठून येणार? हर्नडन यांनी ती मंडळी १४० डॉलरला घेतली आणि अनामत स्वतः भरली. त्यातून अटलांटा लाइफ ही विमा कंपनी उभी राहिली. सहकार म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको, पण गुलामीत जन्मलेल्या न्हाव्याने ते करून दाखवलं याचं मला फार अप्रूप वाटलं.

दुसरे जॉन वेस्ली डॉब्ज. रेल्वेच्या टपाल डब्यात पत्रं लावणारे कारकून. लोक त्यांना 'ऑबर्नचे महापौर' म्हणायचे, आणि 'स्वीट ऑबर्न' हे नावही त्यांचंच. काळ्यांनी मतदार म्हणून नाव नोंदवावं याचा त्यांनी ध्यास घेतला. १९४६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन ५१ दिवसांत सुमारे अठरा हजार नवे मतदार नोंदवले. मतं दिसायला लागल्यावर महापौर हार्ट्सफील्ड ऐकायला लागले. १९४८ मध्ये पहिले आठ काळे पोलीस नेमले गेले. पण त्यांना गोऱ्या माणसाला अटक करायचा अधिकार नव्हता आणि मुख्यालयात गणवेश बदलायची परवानगीही नव्हती. ते ऑबर्नजवळच्या वाय.एम.सी.ए.मध्ये जाऊन कपडे बदलायचे. डॉब्ज यांना सहा मुली. सहाही जणींना त्यांनी स्पेलमनमधून पदवीधर केलं. त्यातली मॅटीविल्डा जगप्रसिद्ध ऑपेरा गायिका झाली, पण काळे-गोरे वेगळे बसवतात त्या सभागृहात गाणार नाही असं म्हणून कित्येक वर्षं तिने स्वतःच्या गावात गाणं केलं नाही. ३० ऑगस्ट १९६१ रोजी अटलांटाच्या गोऱ्यांच्या शाळांत पहिल्यांदा नऊ काळी मुलं दाखल झाली. त्याच दिवशी डॉब्ज वारले.

तिसरे अर्थात मार्टिन ल्यूथर किंग. १५ जानेवारी १९२९ रोजी याच रस्त्यावरच्या ५०१ क्रमांकाच्या दुमजली घरात त्यांचा जन्म झाला. आजोबा आणि वडील जवळच्याच एबेनेझर चर्चचे पाद्री. डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटात 'गॉन विथ द विंड' सिनेमाचा पहिला खेळ झाला. मूळ कादंबरी लिहिणाऱ्या मार्गारेट मिचेल इथल्याच. शहर दिव्यांनी सजलं, पण सिनेमात काम केलेल्या काळ्या नटी हॅटी मॅकडॅनिएल यांना त्या खेळाला येता आलं नाही, कारण थिएटर गोऱ्यांचं. त्या निमित्ताने झालेल्या मेजवानीत एबेनेझर चर्चच्या मंडळींना गुलामांच्या वेशात गायला उभं केलं होतं. त्यात दहा वर्षांचा मार्टिनही होता. मिचेलबाईंबद्दल आणखी एक सांगायला हवं. पुढे त्यांनी गाजावाजा न करता कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी पैसे दिले. माणूस एका रंगाचा नसतो.

१९५९ मध्ये किंग पत्नीसह भारतात आले. मुंबईत ते गांधीजींच्या मणिभवनात राहिले. केरळात एका शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख 'अमेरिकेतले अस्पृश्य बांधव' अशी करून दिली. आधी त्यांना राग आला, मग विचार केल्यावर ते खरंच आहे असं वाटलं. हा प्रसंग त्यांनी १९६५ मध्ये एबेनेझर चर्चच्या व्यासपीठावरून सांगितला. त्या चर्चमध्ये बाकावर बसून मी हे आठवत होतो, आणि खरं सांगतो, मान वर करता येईना. त्यांना जो शब्द लागला, तो आपल्या घरातून गेला होता.

पेटन रोडची भिंत

महापौर हार्ट्सफील्ड यांनी अटलांटाला एक बिरूद मिळवून दिलं होतं : द्वेष करायला सवड नसलेलं शहर. आम्ही कामात आहोत, आम्हाला भांडायला वेळ नाही. त्यांच्यानंतर १९६२ मध्ये आयव्हन अ‍ॅलन महापौर झाले. स्टेशनरीचे व्यापारी, सुशिक्षित, सभ्य गोरे गृहस्थ. पदावर येताच त्यांनी नगरपालिकेच्या इमारतीतल्या 'गोरे' आणि 'काळे' अशा वेगळ्या पाट्या काढून टाकल्या. म्हणजे माणूस चांगला.

त्याच वर्षी शहराच्या नैर्ऋत्येला पेटन फॉरेस्ट या गोऱ्यांच्या बंगल्यांच्या वस्तीत डॉ. क्लिंटन वॉर्नर या काळ्या सर्जननी घर घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या महायुद्धात देशासाठी लढून आलेला माणूस. पण वस्तीत एकच खळबळ उडाली. एक आला की दहा येतील, घरांच्या किमती पडतील, वातावरण बिघडेल. रहिवासी महापौरांकडे गेले. नगरसेवकांच्या सभेने ठराव केला आणि १८ डिसेंबर १९६२ रोजी पेटन रोड आणि हार्लन रोड या दोन रस्त्यांवर आडवे लाकडी-लोखंडी अडसर ठोकण्यात आले. पलीकडे काळे, अलीकडे गोरे.

बर्लिनची भिंत बांधून तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं. लोकांनी लगेच या अडसरांना 'अटलांटाची बर्लिन भिंत' म्हणायला सुरुवात केली. द्वेषाला सवड नसलेल्या शहराचं हसं झालं. प्रकरण कोर्टात गेलं. १ मार्च १९६३ रोजी कोर्टाने भिंत बेकायदा ठरवली आणि अ‍ॅलननी काही मिनिटांत ती उखडायला लावली. पण खरी गंमत पुढे आहे. भिंत पडली तसे वस्तीतले गोरे घाबरून घरं विकू लागले. त्या उन्हाळ्यात बहुतेकांनी बस्तान हलवलं. जी किंमत पडेल म्हणून भिंत बांधली, ती किंमत त्यांच्याच पळापळीने पाडली.

अ‍ॅलनबद्दल मला आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीसाठी. जुलै १९६३ मध्ये दुकानं, हॉटेलं सर्वांना खुली करणाऱ्या कायद्याच्या बाजूने ते वॉशिंग्टनला संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यायला गेले. दक्षिणेतल्या गोऱ्या राजकारण्याने असं करणं म्हणजे आपल्या हाताने राजकीय चिता रचणं होतं, तरी ते पुन्हा निवडून आले. १९६४ चं नोबेल किंगना मिळालं, तेव्हा शहराने त्यांचा सत्कार करावा म्हणून खटपट करणाऱ्यांत अ‍ॅलन होते. आधी मोठे व्यापारी येईनात. शेवटी कोका-कोलाच्या धुरिणांनी मनावर घेतलं आणि २७ जानेवारी १९६५ च्या जेवणाला दीड हजारांच्या आसपास काळे-गोरे एका सभागृहात बसले. याच अ‍ॅलननी पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात पेटन रोडची भिंत ही आपली चूक होती असं लिहून ठेवलं. लपवलं नाही.

एका रविवारी मी जावयाला म्हटलं, "मला पेटन रोडला ने." तो म्हणाला, "बाबा, तिथे बघण्यासारखं काय आहे?" खरंच काही नाही. गर्द झाडी, नीटनेटके बंगले, सलग रस्ता. आपण तो अर्ध्या मिनिटात पार केला हेही कळत नाही.

मिनिट बुकातलं पान

आता आपल्याकडे येतो. सोसायटी नोंदवून चौथं-पाचवं वर्ष असेल. मी सेक्रेटरी होतो. एका सभासदाला फ्लॅट विकायचा होता, गिऱ्हाईकही आलं होतं. नवरा सरकारी नोकरीत, बायको शिक्षिका, दोन मुली. कागदपत्रं चोख. समितीच्या बैठकीत मात्र कुजबुज झाली. आडनाव कोणतं, खाणंपिणं काय, सणवार आपल्यासारखे का. कुणी म्हणालं, "उद्या आपल्यालाही फ्लॅट विकायचेत, भाव पडेल." 'नाही' असं कुणीच म्हणालं नाही. सभ्य माणसं नाही म्हणत नाहीत. मी मिनिट बुकात लिहिलं : 'विषय पुढील बैठकीपर्यंत तहकूब.' पुढच्या बैठकीतही तहकूब. तिसऱ्या महिन्यात त्या कुटुंबाने दुसरीकडे घर घेतलं आणि आमचा प्रश्न 'सुटला'. सहकार कायद्याच्या २३ व्या कलमात खुलं सभासदत्व लिहिलेलं आहे, पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला नाकारता येत नाही, हे मला पाठ होतं. शाळेत मी 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका शिकवत होतो आणि संध्याकाळी हे अक्षर माझंच होतं.

पेटन रोडवर निदान अडसर डोळ्यांना दिसत होता. कोर्टाने सांगितलं तेव्हा तो उखडता आला. 'तहकूब' हा शब्द कसा उखडायचा?

काही वर्षांनी ते गृहस्थ भाजी मंडईत भेटले. त्यांनीच हाक मारली, "काय सर, बरं आहे ना?" धाकटी मुलगी इंजिनिअरिंगला गेल्याचं सांगितलं. मी हो-हो करत पिशवी उचलून निघालो. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

त्यानंतर आपल्याकडे बरंच बदललं, हेही सांगायला हवं. आज आपल्या चार विंगमध्ये सगळ्या प्रकारची माणसं राहतात. गणपतीच्या आरतीला आणि ईदच्या शिरखुर्म्याला तीच पोरं पहिल्या रांगेत असतात. लॉकडाऊनमध्ये घरात अडकलेल्या आम्हा म्हाताऱ्यांना औषधं कुणी आणून दिली, तर आम्ही ज्यांच्या भाड्याच्या कराराला खुसपटं काढली होती त्या मुलांनी.

लवकरच पुनर्विकासाची चर्चा सुरू होईल. नव्या इमारतीत नवे फ्लॅट येतील, नवी माणसं येतील, आणि समितीच्या टेबलावर पुन्हा तीच कुजबुज येईल. तेव्हा नव्या सेक्रेटरींनी जुनं मिनिट बुक कपाटातून जरूर काढावं. ते पान फाडू नका, त्यावर पांढरी शाईही फिरवू नका. स्मरणिकेत बाग, पाण्याची टाकी आणि सोलर पॅनेल यांचे फोटो येतीलच. त्यांच्या शेजारी हेही असू द्या.

परत येताना अटलांटाच्या विमानतळावर पाटी वाचली, 'हार्ट्सफील्ड-जॅक्सन'. हार्ट्सफील्ड म्हणजे ते बिरूद मिळवून देणारे गोरे महापौर. जॅक्सन म्हणजे मेनार्ड जॅक्सन, १९७३ मध्ये निवडून आलेले शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. त्यांच्या शपथविधीला मॅटीविल्डा गायली होती. सख्खी मावशी. टपाल कारकून डॉब्ज यांचा हा नातू. लेकीने विचारलं, "बाबा, एवढं काय बघताय त्या पाटीकडे?" म्हटलं, "काही नाही गं, दोन शेजारी आहेत."